ताईची दिल्ली

दिल्ली दोन दिवसांत पाहून होते असे कोणी म्हणाले, तर त्याने दिल्ली पाहिलेली नाही असे खुशाल समजावे; आणि दोन दिवसांत काय होणार असे कोणी म्हणाले, तर त्याला आमची ताई माहीत नाही असे समजावे. शुक्रवारी संध्याकाळी नाशिकरोडला राजधानीत बसायचे, शनिवारी सकाळी हजरत निजामुद्दीनला उतरायचे, रविवारी पाचच्या सुमारास तीच गाडी उलटी पकडायची आणि सोमवारी अकराच्या तासाला वर्गात हजर व्हायचे, असा हा बेत होता. डिसेंबर २०२४ मधली ही गोष्ट. मुलीच्या परीक्षेमुळे सौ. येऊ शकत नव्हती. बॅग भरताना ती एवढेच म्हणाली, "अहो, दिल्लीला जाताय की कोपऱ्यावर दूध आणायला?"

जायला निमित्त स्थलदर्शनाचे होते, पण खरे काम आईचे होते. आई ब्याऐंशी वर्षांची. ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. १९८८ साली लग्न होऊन ती दिल्लीस गेली. भावोजी केंद्र सरकारच्या नोकरीत होते. आयुष्य सरकारी क्वार्टर्समध्ये काढून त्यांनी शेवटी यमुनेपलीकडे, पटपडगंजला, एका सोसायटीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. २०२१ साली ते गेले. भाचा बंगळूरला आहे. दरवर्षी दिवाळी झाली की टीव्हीवर दिल्लीच्या धुराची चित्रे दिसू लागतात, आणि आमची आई ती चित्रे, मालिका बघावी तशी, रोज संध्याकाळी नेमाने बघते. त्या धुरात कुठेतरी आपली लेक खोकते आहे, एवढेच तिला त्यात दिसते. "तू तोंडाने सांग," ती मला म्हणाली. "फोनवर ती हो हो म्हणते आणि भाजी काय केली ते विचारते. म्हणावे, फ्लॅट विक आणि ये. माडीवरची खोली रिकामी आहे."

मथुरेच्या अलीकडे गाडी धुक्यात शिरली. खिडकीबाहेर ओल्या चादरीसारखे पांढरे काहीतरी पसरलेले, आणि त्यात मधूनच एखादे झाड किंवा शेकोटीभोवती बसलेली माणसे उमटत आणि पुसली जात. गाडीला दीड तास उशीर झाला. ताई स्टेशनावर आलीच होती. अंगात मरून स्वेटर, डोक्याला शाल, पायात कॅनव्हासचे बूट. निजामुद्दीनवरून बाहेर पडले की मेट्रोची गुलाबी मार्गिका मिळते. ती यमुना ओलांडून थेट तिच्या घराच्या बाजूला जाते. दिल्लीत पहिली मेट्रो धावली ती २४ डिसेंबर २००२ रोजी, शहादरा ते तीस हजारी. ताईला ती तारीख तोंडपाठ आहे, कारण दुसऱ्याच दिवशी ती आणि भावोजी काही काम नसताना त्यातून दोन फेऱ्या मारून आले होते. "पूर्वी मला ह्या गावात कोणीतरी घेऊन जावे लागे," ती गाडीत म्हणाली. "मेट्रो आली आणि मी एकटी हिंडायला लागले." हे वाक्य मी तेव्हा सहज ऐकून सोडले.

पटपडगंज हे नाव मराठी माणसाने एरवी कानावरून जाऊ देऊ नये. ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेच्या ह्याच काठावर इंग्रजांच्या जनरल लेकने दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. शिंद्यांची कवायती पलटणे लुई बुर्कें नावाच्या फ्रेंच सरदाराच्या हाताखाली होती. त्या दिवसानंतर दिल्ली आणि दिल्लीचा आंधळा बादशहा, दोन्ही शिंद्यांच्या हातून इंग्रजांच्या हाती गेले. लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडातल्या गोल्फच्या मैदानात उभा आहे, आणि त्याच्या आसपास लोक चेंडू टोलवतात! हे सारे मी ताईला सांगत होतो तेव्हा ती कणीक मळत होती. ती म्हणाली, "म्हणजे आपण जिथे हरलो तिथेच ह्यांनी फ्लॅट घेतला म्हणायचा. तरी मी म्हणत होते, जरा स्वस्त कसा मिळाला!"

जेवून लगेच आम्ही लाल किल्ल्याला निघालो. मंडी हाऊसला गाडी बदलली की चारच स्टेशने. लाहोरी दरवाजातून आत शिरले की छत्ता चौकाचा बाजार लागतो. तेथे पूर्वी बादशाही जनान्यासाठी रेशीम आणि जवाहीर विकले जाई, आता चुंबकाचे कुतुबमिनार मिळतात. शहाजहानने १६३९ साली हा किल्ला बांधायला घेतला आणि १६४८ मध्ये तो त्यात राहायला आला. पण बाहेरच्या तांबड्या भिंती पाहून आत जी अपेक्षा उत्पन्न होते ती पुरी होत नाही, कारण १८५७ नंतर इंग्रजांनी आतले महाल पाडून तेथे सोल्जरांच्या बराकी उभ्या केल्या. हिरवळीवर सुटे सुटे महाल राहिले आहेत. वाडा विकला गेल्यावर देवघर तेवढे राहावे तसे. त्या बराकी मला मुळीच आवडत नाहीत. पण ह्याच किल्ल्यात १९४५ साली आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला उभा राहिला, तेव्हा साऱ्या देशाचे कान इकडे लागले होते, हेही विसरता येत नाही.

दिवाण-ए-आमपाशी एक गाईड कोल्हापूरकडच्या एका कुटुंबाला सांगत होता की, शिवाजी महाराज औरंगजेबाच्या दरबारात ताठ उभे राहिले ते ह्याच जागेवर. मंडळी भारावून गेली होती. धाकट्या मुलाने तर त्या जागी उभे राहून फोटोही काढून घेतला. तो दरबार १६६६ साली आग्र्याला भरला होता, दिल्लीला नव्हे. माझ्यातला मास्तर पुढे सरसावणार तोच ताईने माझा कोट धरला आणि गाईडला बाजूला घेऊन हिंदीत हळूच काहीतरी सांगितले. तो हसला, कानाला हात लावला, आणि मग त्याने त्या मंडळींना सांगितले की, दरबार आग्र्याचा, पण हा किल्लाही त्याच घराण्याचा. बिचाऱ्याचे गिऱ्हाईकही टिकले आणि इतिहासही! ताईचे हिंदी मी प्रथमच नीट ऐकले. ते आमच्या नाशिकच्या हिंदीसारखे मराठीला टाचणी लावलेले नव्हते.

ज्यासाठी मी आलो होतो तो दिवाण-ए-खास. वीस-बावीस वर्षे मी वर्गात 'भाऊसाहेबांची बखर' शिकवतो, आणि दरवर्षी कोणीतरी विद्यार्थी विचारतोच, "सर, भाऊंनी दिल्लीच्या बादशहाच्या दिवाणखान्याचे छत का काढले?" संगमरवरी खांब, खांबांवर रंगीत दगडांची फुले, आणि वर आज आहे ते लाकडी छत. पूर्वी येथे चांदी होती. मयूरासन नादिरशहाने १७३९ मध्ये उचलून नेले, पण छतावरची चांदी काही राहिली होती. १७६० च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा खजिना रिकामा होता. उत्तरेतली वसुली होत नव्हती, पुण्याहून पैसा येत नव्हता, आणि लष्कराबरोबर बायकामुले आणि यात्रेकरू धरून खाणारी तोंडे अगणित होती. भाऊंनी चांदी काढून वितळवली आणि तिचे नाणे पाडले. सुमारे नऊ लाख रुपये निघाले असे इतिहासकार सांगतात. एवढ्या फौजेला ते फार दिवस पुरले नाहीत. पुढे १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर काय झाले ते सांगायला नकोच.

वर्गात मी ह्या प्रश्नाला दोन बाजूंचे उत्तर देतो, आणि ते उत्तरपत्रिकेला पुरते. तेथे उभा राहून मी तेच उत्तर ताईला देऊ लागलो: एकीकडे लष्करी निकड, दुसरीकडे राजकीय अदूरदृष्टी, सूरजमल जाटाची नाराजी, वगैरे वगैरे. ताई मान वर करून छताकडे बघत होती. माझे संपल्यावर ती म्हणाली, "ह्यांच्या आजारात मी बांगड्या मोडल्या ना, तेव्हा सराफाने विचारले, बाई, नक्षी फार सुंदर आहे, वितळवायच्या का नक्की? मी म्हटले, वजन करा."

बांगड्या मोडल्याचे तिने आम्हाला कधी कळवले नव्हते. आईला तर नाहीच. आम्ही दोघे भाऊ नाशिकला, हाकेच्या नाही तरी फोनच्या अंतरावर! मी तिला काही विचारणार तोच ती हमामाकडे चालूही लागली होती.

चांदणी चौकात तिने मला 'दौलत की चाट' खाऊ घातली. नाव चाट असले तरी चिंच-कोथिंबिरीचा तिच्याशी संबंध नाही. दूध घुसळून काढलेला निव्वळ फेस, वर केशराचा पिवळा रंग, थोडी साखर आणि पिस्ते. थंडीतच मिळते, ऊन चढले की फेस बसतो, म्हणून उन्हाळ्यात दिल्लीतही कोणी करत नाही. चमचा तोंडात घातला की आपण काही खाल्ले की खाल्ल्याची नुसती कल्पना केली, अशी शंका येते. मी दोन द्रोण खाऊनही शंका फिटली नाही. विक्रेत्याने ताईला "आंटीजी, बहोत दिनों बाद" म्हणून तिसरा द्रोण फुकट दिला.

संध्याकाळी कर्तव्यपथावर गेलो. २०२२ पर्यंत हाच राजपथ होता. इंडिया गेट ४२ मीटर उंच आहे आणि पहिल्या महायुद्धातले व त्यानंतरच्या सरहद्दीवरच्या लढायांतले हिंदी सैनिक त्यात स्मरलेले आहेत. दिव्यांच्या उजेडात ते भव्य दिसते खरे, पण पाच अंशांकडे उतरू लागलेल्या थंडीत भव्यतेपेक्षा भाजलेल्या रताळ्याचे महत्त्व अधिक वाटते. लिंबू पिळलेले रताळे खात आम्ही टिळक मार्गावरून थोडे चाललो. नव्या दिल्लीत मराठी नावे अशी रस्त्यारस्त्यांवर भेटतात. लोदी उद्यानाशेजारचे इंडिया इंटरनॅशनल सेंटर उभारण्यात पुढाकार होता तो चिंतामणराव देशमुखांचा; मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडणारे तेच देशमुख. तालकटोऱ्याच्या बाजूला १७३७ साली बाजीरावाचे घोडे आले होते. शहर जाळणे त्याच्या हातात होते आणि ते त्याने टाळले, हे त्याने स्वतः चिमाजीअप्पांना लिहून कळवले आहे. त्याच तालकटोरा स्टेडियममध्ये पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वे मराठी साहित्य संमेलन भरले, अध्यक्षस्थानी तारा भवाळकर. त्याआधी दिल्लीत संमेलन झाले होते ते १९५४ साली, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली. आम्ही रताळी खात होतो तेव्हा संमेलनाची तयारी चालू होती, आणि ताईच्या फोनवर दर पाच मिनिटांनी कोणाचा तरी निरोप येत होता. मुक्कामाला येणाऱ्यांची सोय करण्याच्या कामात तिने आपले नाव दिले होते. "सत्तर वर्षांनी पाहुणे येताहेत," ती म्हणाली, "अंथरुणे कमी पडून कसे चालेल?"

रात्री घरात हवा स्वच्छ करायचे यंत्र घुं घुं करीत होते. मी रजईत, ताई पलीकडच्या खोलीत. ती खोकत होती. आईने सांगितलेले शब्द मी मनाशी जुळवले आणि दाराशी जाऊन म्हणालो, "ताई, जरा बोलायचे होते."

"आईचा निरोप ना?" ती अंधारातून म्हणाली. "उद्या सांग. आता झोप. सकाळी लवकर मेहरौलीला जायचे आहे."

सकाळी सात वाजता बेल वाजली. शेजारच्या बंगाली मासीमा, सत्तरीच्या पुढच्या, हातात चहाचा थर्मास घेऊन आत आल्या, स्वतःच कप काढून बसल्या, आणि त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळले. दोघींच्या घरांच्या किल्ल्या एकमेकींकडे असतात. "तुम इसको लेने आया?" त्यांनी मला सरळ विचारले. ताई खो खो हसली. मी चहा प्यालो.

कुतुबमिनाराविषयी थोडक्यात सांगतो, कारण तो सगळ्यांनी पाहिलेला असतो. उंची साडेबाहत्तर मीटर. १९८१ साली आत चेंगराचेंगरीत माणसे दगावल्यापासून वर जाता येत नाही. मला अधिक आवडला तो लोहस्तंभ. गुप्तकालातला, सोळाशे वर्षांचा, सहा टनांहून जड, आणि उघड्यावर उभा राहून जवळजवळ न गंजलेला. लोखंडातल्या फॉस्फरसमुळे त्यावर एक पातळ थर धरतो आणि तोच त्याला राखतो, असे शास्त्रज्ञ म्हणतात. पूर्वी त्याला पाठ लावून मागून हात जुळवले की इच्छा पुरी होते असा समज होता. आता भोवती कठडा आहे, त्यामुळे इच्छा ज्याच्या त्याच्यापाशी राहतात.

तेथून ताईने मला मेहरौलीच्या गल्लीबोळांतून नेले. ख्वाजा बख्तियार काकींच्या दर्ग्यालगत जफर महाल नावाची पडकी वास्तू आहे. शेवटच्या मोगलांनी बांधलेला हा शेवटचा वाडा. हत्ती जाईल एवढा मोठा तांबडा दरवाजा, आणि आत काही नाही. दोन पोरे पतंगाचा मांजा सोडवत होती, उन्हात चार म्हातारे पत्ते खेळत होते. एका बाजूला संगमरवरी जाळीच्या आत काही कबरी. त्यांतली एक दुसऱ्या शाहआलमची.

ह्या बादशहाला अलाहाबादेहून आणून १७७२ मध्ये दिल्लीच्या तख्तावर बसवले ते मराठ्यांनी. १७८८ साली गुलाम कादिराने त्याचे डोळे काढले, तेव्हा कादिराला हुसकून पुन्हा त्याला गादीवर बसवले तेही महादजी शिंद्यांच्या फौजेने. नंतरची पंधरा वर्षे, पटपडगंजच्या लढाईपर्यंत, दिल्ली शिंद्यांच्या संरक्षणाखाली होती. पंधरा वर्षे! आणि तेवढ्या काळात आपण येथे नजरेत भरेल असे काय बांधले? कालकाजीच्या देवळाचा जुना भाग मराठ्यांचा असे सांगतात. बाकी काही नाही. बादशहा सांभाळला, वाडा बांधला नाही. मी हे जरा चढ्या स्वरात बोललो असेन, कारण पत्तेवाल्यांपैकी एकाने वळून पाहिले.

शाहआलमच्या आणि त्याच्या मुलाच्या कबरीजवळ एक जागा मोकळी आहे. बहादूरशहा जफरने ती स्वतःसाठी राखून ठेवली होती. इंग्रजांनी त्याला रंगूनला नेले, १८६२ मध्ये तो तेथेच वारला आणि तेथेच पुरला गेला. जागा तशीच राहिली.

"सांग आता," ताई म्हणाली आणि पायरीवर बसली.

मी सांगितले. धूर, खोकला, माडीवरची खोली, फ्लॅटची किंमत, आईचे वय. प्राध्यापकी सवयीने मुद्देही पाडले असतील. ती पायाशी पडलेल्या मांजाचा तुकडा बोटाला गुंडाळत ऐकत होती.

"बाबू," ती म्हणाली, "तिकडे आले की मी कोण असेन सांग बघू. प्राध्यापकांची ताई. ह्यांच्या माघारी माहेरी आलेली. लोक चांगलेच वागतील, वाईट नाही म्हणत मी. हळदीकुंकवाला बोलवावे की नको, एवढा विचार करून मग बोलावतील. इथे मला कोणी बिचारी म्हणत नाही रे. भाजीवाला भाव पाडून मागते म्हणून भांडतो. शनिवारी सोसायटीतली सहा मुले मराठी शिकायला येतात. त्यांतला एक मलयाळी आहे, त्याला का यावेसे वाटते देव जाणे. मासीमांना गुडघ्यामुळे खाली उतरता येत नाही, त्यांचे औषध मी आणते. हे सगळे उचलून माडीवर कसे आणू?"

"आणि खोकला?"

"तो खरा आहे," ती म्हणाली. बराच वेळ ती काही बोलली नाही. पत्त्यांचा एक डाव संपला, दुसरा वाटला गेला. "आईला सांग, फ्लॅट विकणार नाही. ह्या वर्षी संमेलन आहे, मी हलत नाही. पुढच्या वर्षीपासून दिवाळी झाली की येईन आणि संक्रांत करून परत जाईन. वाईट हवेचे दिवस तेवढेच असतात. आणि माडीची खोली मी माझ्या मनासारखी लावीन. कोणी येऊन माझ्या कपाटावर तुमचे जुने पेपरांचे गठ्ठे ठेवायचे नाहीत."

मी त्यावर घासाघीस करून पाहिली. मार्चपर्यंत राहा म्हटले. ती म्हणाली, "मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा असतात."

परतताना हुमायूनची कबर वाटेतच होती, म्हणजे स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. १५६० च्या दशकात सुरू होऊन १५७२ च्या सुमारास पुरी झालेली ही इमारत ताजमहालाची आजी म्हणावी अशी आहे. माझ्या मते तर नातीहून देखणी, कारण हिला आपण सुंदर आहोत हे ठाऊक नसावेसे वाटते. १८५७ च्या सप्टेंबरमध्ये हडसनने बहादूरशहाला पकडले ते येथेच. सकाळी ज्याची रिकामी जागा पाहिली त्याला दुपारी येथून बाहेर पडताना पाहिल्यासारखे वाटले. हिरवळीवर दिल्लीकर कुटुंबे संत्री सोलत पहुडली होती. आम्हीही एक तास काही न पाहता ऊन खाल्ले. अशा उन्हाची किंमत नाशिकच्या माणसाला कळायची नाही.

गाडी सुटताना ताईने खिडकीशी येऊन गजकचे दोन डबे दाखवून सांगितले, "एक आईचा. दात लागणार नाहीत, म्हणावे दुधात भिजव." आणि मग, गाडी हलल्यावर, "बांगड्यांचे आईला बोलू नकोस."

आईला मी बाकीचे सगळे सांगितले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. दिवाळी ते संक्रांत, हे बोटांवर मोजले, आणि विचारले, "मग त्या दिवसांत तिकडची किल्ली कोणापाशी?"

"शेजारच्या मासीमांपाशी."

"आणि त्यांचे औषध कोण आणणार?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. ताईला विचारला. तिने तो आधीच सोडवला होता. तो मलयाळी मुलगा आणून देणार आहे.

ह्या दिवाळीनंतर ताई येते आहे. माडीवरची खोली रंगवून झाली. रंग तिने फोनवरून सांगितला, फिक्का पोपटी. आईला तो मुळीच आवडलेला नाही, आणि रंगारी अजून घरात असतानाच तिने हे ताईला फोन करून कळवले आहे.